साठ मुलांच्या वर्गात गणित आणि विज्ञान: सहावी ते दहावीसाठी वर्षभराची आखणी

सातवीच्या वर्गात विचारून पाहा: ०.५ मोठी की ०.४५? काही मुलं ०.४५ म्हणतील, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे. मग दुसरी जोडी द्या: ०.४ मोठी की ०.४५? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर देणाऱ्यांपैकी काही जण इथे ०.४ म्हणतात. दशांश चिन्हानंतर अंक जितके कमी तितकी संख्या मोठी, असा त्यांचा नियम असतो. त्यांच्या डोक्यात त्यामागे कारणही असतं: दशांश हा शतांशापेक्षा मोठा. म्हणजे पहिल्या प्रश्नाला त्यांना जो गुण मिळाला, तो चुकीच्या विचाराला मिळाला.

गणित आणि विज्ञान शिकवण्यातली सगळ्यात मोठी अडचण मला इथेच दिसते. मूल काय विचार करतं हे कळण्याआधीच आपण पुढचा धडा सुरू करतो. प्रयोगशाळा, टॅब, स्मार्ट टीव्ही, जादा तास या सगळ्याचा उपयोग आहे, पण मुलाचा विचार शिक्षकापर्यंत पोचला तरच. पुढची सगळी आखणी या एकाच गोष्टीभोवती आहे. महानगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांमधल्या शिक्षक-मुख्याध्यापकांना समोर ठेवून ती लिहिली आहे. वर्गात पन्नास-साठ मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका, सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत चालणारी इमारत, आणि कधीही येऊन आदळणारी निवडणुकीची किंवा सर्वेक्षणाची कामं, हे सगळं गृहीत धरून.

पहिली पायरी: जूनमध्ये चुका गोळा करा

सरकारी पायाभूत चाचणी होतेच, पण तिच्यातून आपल्याकडे उरतात ते गुण. आपल्याला हवा आहे चुकीचा प्रकार. त्यासाठी शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात एक तासिका काढा आणि दहा-बारा प्रश्न फळ्यावर लिहून द्या. गुण नाहीत, हे मुलांना आधीच सांगा आणि ते पाळा. प्रत्येक उत्तराखाली ‘मला असं का वाटतं’ यासाठी दोन ओळी सोडायला सांगा.

गणितासाठी मी हे प्रश्न नक्की ठेवेन:

– वरच्या दोन्ही दशांश जोड्या.
– १/२ + १/३ किती? (२/५ असं उत्तर येईल. ते देणाऱ्या मुलाला नंतर एवढंच विचारा, की २/५ हे १/२ पेक्षा मोठं आहे की लहान.)
– ८ + ४ = □ + ५. चौकटीत १२ लिहिणारं मूल ‘बरोबर’चं चिन्ह म्हणजे ‘उत्तर लिहा’ असं समजतं. १७ लिहिणारंही तसंच समजतं, फक्त ते दिसतील तेवढे सगळे आकडे मिळवतं. या समजुतीवर बीजगणित उभं राहत नाही, म्हणून आठवी-नववीतही हा प्रश्न घ्या.
– −३ − ५ किती?
– दोन आयतांची परिमिती सारखी असेल, तर क्षेत्रफळही सारखंच असेल का?
– ३ वह्यांना ७५ रुपये, तर ५ वह्यांना किती?

विज्ञानासाठी चार प्रश्न पुरतात. मोठ्या झाडाचं एवढं लाकूड मुख्यतः कशापासून तयार झालं: माती, पाणी की हवा? एका विद्युतघटाला दोन सारखे बल्ब एकापुढे एक जोडले, तर कोणता जास्त उजळेल? पाण्यात मीठ पूर्ण विरघळलं, तर पाणी-मिठाचं एकूण वजन वाढेल, घटेल की तेवढंच राहील? उन्हाळा का येतो? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक मुलं ‘पृथ्वी सूर्याजवळ येते म्हणून’ असं लिहितात. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. हे सांगून टाकू नका. योग्य धड्यापर्यंत राखून ठेवा.

तपासताना बरोबर-चूक करू नका. एका कागदावर चुकीचे प्रकार लिहा आणि प्रत्येकासमोर मुलांचे हजेरी क्रमांक. साठ मुलांचे कागद असले तरी प्रकार फार निघत नाहीत, एकेका प्रश्नाला तीन-चारच. ही यादी वर्षभर टाचणवहीत हवी.

दुसरी पायरी: ज्याला जे हवं ते, ठरावीक मुदतीत

१९९० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या कामाने एक गोष्ट पक्की दाखवून दिली: मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता पातळीप्रमाणे केले आणि रोज थोडा वेळ तेवढंच घेतलं, तर मूलभूत वाचन-गणित वेगाने सुधारतं. सहावी ते आठवीत हे सहज जमवता येतं. तिन्ही इयत्तांची गणिताची एक तासिका एकाच वेळी ठेवा आणि आठवड्यातून तीन दिवस मुलांना इयत्ता सोडून गटांत बसवा. एक गट पूर्णांक-अपूर्णांकाचा, एक दशांश-शेकडेवारीचा, एक गुणोत्तराचा. सहा ते आठ आठवडे, मग पुन्हा तपासणी आणि गटबदल.

दोन पथ्यं. ‘कच्च्या’ गटाला सर्वांत अनुभवी शिक्षक द्या. आणि गटांना अ, ब, क अशी नावं देऊ नका, विषयाचं नाव द्या. बाराखडीतलं आपलं स्थान मुलांना लगेच कळतं.

अपूर्णांकावर एवढा भर का? गुणोत्तर, प्रमाण, शेकडेवारी, चाल, घनता, रोध, आलेखाचा चढ ही सगळी अपूर्णांकाचीच पुढची रूपं आहेत. नववीत घनतेचं गणित अडलं की आपण भौतिकशास्त्र कच्चं आहे म्हणतो. पाहिलं तर अडचण बहुतेक वेळा पाचवीतली असते. गटात काम करताना संख्यारेषा वापरा. भाकरीचे आणि पिझ्झ्याचे तुकडे सुरुवातीला ठीक, पण ७/४ तिथे बसत नाही. संख्यारेषेवर तो १ आणि २ च्या मधे सहज सापडतो, आणि १/२ + १/३ हे २/५ नसणार हे डोळ्यांना दिसतं.

तिसरी पायरी: गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी एकत्र बसून धड्यांचा क्रम लावा

बालभारतीच्या सध्याच्या नववीच्या पुस्तकात विज्ञानाचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’ आहे. त्यात अंतर-काल आणि वेग-काल आलेख येतात, त्यावरून समीकरणंही काढायची असतात. गणितात गुणोत्तर व प्रमाण हे भाग १ मधलं चौथं प्रकरण, आणि निर्देशक भूमिती हे भाग २ मधलं सातवं. म्हणजे ज्या आलेखावर विज्ञानाचे शिक्षक जूनमध्ये उभे राहतात, त्याची जमीन गणिताचे शिक्षक दिवाळीनंतर तयार करतात. दहावीत गुरुत्वाकर्षणाचा धडा पहिला, आणि त्यात दहाच्या ऋण घातांकांची गणितं. ती जमत नाहीत म्हणून मुलं पहिल्या महिन्यातच विज्ञानाला घाबरतात.

पुस्तकाचा क्रम ही आज्ञा नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी एक दुपार काढावी, दोन्ही अनुक्रमणिका समोर ठेवाव्यात आणि हे तीन निर्णय घ्यावेत: विज्ञानातला कोणता धडा मागे ढकलायचा, गणितातलं कोणतं प्रकरण पुढे आणायचं, आणि आलेख काढायला नेमकं कोण शिकवणार. चिन्हंही एकच ठरवा. गणितात एकाने ‘तिरकस गुणाकार’ शिकवायचा आणि विज्ञानात दुसऱ्याने सूत्राचा त्रिकोण वापरायचा (त्रिकोणात वर वस्तुमान, खाली घनता आणि आकारमान; हवी ती राशी झाकायची), यात मुलाला दोन वेगळ्या जादू शिकल्यासारखं वाटतं. सूत्राचा त्रिकोण तर मी बंदच करेन. त्यातली एक राशी झाकून उत्तर मिळतं, पण घनता म्हणजे एका घन सेंटिमीटरमध्ये मावणारं वस्तुमान, हे त्यातून कधीच कळत नाही.

चौथी पायरी: पस्तीस मिनिटांची तासिका कशी वापरायची

हजेरी आणि वही काढणं यात पाच मिनिटं जातात, म्हणून तीस मिनिटांचाच हिशोब करा.

सुरुवातीची पाच मिनिटं एक प्रश्न आणि चार पर्याय. पर्याय तुमच्या जूनच्या यादीतून उचला, म्हणजे प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे वर्गातल्या कुणाचा तरी खरा विचार असेल. मुलांनी बोटांनी उत्तर द्यायचं, छातीशी हात धरून, म्हणजे शेजाऱ्याचं पाहून बदलता येत नाही. कोणतंही यंत्र लागत नाही, आणि साठ उत्तरं दहा सेकंदांत दिसतात. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात विद्यापीठातल्या मोठ्या वर्गांसाठी जी पद्धत रूढ केली तिचा गाभा हाच आहे: प्रश्न, मत, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मत.

दोन-तृतीयांशाहून जास्त मुलांचं उत्तर बरोबर असेल तर पुढे जा. फारच थोड्यांचं बरोबर असेल तर चर्चेत वेळ घालवू नका, शिकवा. मतं विभागली गेली असतील तर तीच सोन्याची वेळ. तीन मिनिटं शेजाऱ्याला पटवायला द्या, मग पुन्हा बोटं वर. या तीन मिनिटांत वर्गात फिरा आणि ऐका. बोलू नका.

पुढची पंधरा मिनिटं तुमचं शिकवणं, पण एकच कल्पना. शेवटची दहा मिनिटं मुलांचं काम, आणि त्यातही सुरुवातीच्या प्रश्नासारखाच एक प्रश्न वेगळ्या रूपात.

प्रश्न विचारल्यावर थांबायची सवय लावून घ्या. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबत होते. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरं लांब झाली, जास्त मुलं बोलू लागली, आणि एरवी गप्प राहणारीही बोलली. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. मनात ‘एकवीस, बावीस, तेवीस’ म्हणा.

पाचवी पायरी: प्रयोगाआधी अंदाज

कपाटातल्या परीक्षानळ्या बाहेर काढण्याबद्दल खूप बोललं जातं आणि ते खरंही आहे. पण प्रयोग झाला म्हणजे विज्ञान झालं, असं नाही. शिक्षकाने टेबलावर करून दाखवायचं, मुलांनी ‘साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान’ उतरवून घ्यायचं, यात मुलाचा विचार कुठेच येत नाही. क्रम बदला: आधी प्रत्येकाने वहीत अंदाज आणि कारण लिहायचं, मग प्रयोग, मग अंदाज आणि निरीक्षण यांत फरक का पडला यावर बोलायचं. लिहिलेला अंदाज खोडायचा नाही, हा नियम.

एक उदाहरण सविस्तर घेतो, कारण हा प्रयोग अजूनही अनेक ठिकाणी चुकीचा शिकवला जातो. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेचा पेला उपडा. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढतं. ठरलेलं स्पष्टीकरण असं, की हवेतला एक-पंचमांश ऑक्सिजन जळून गेला, म्हणून पाणी तेवढं चढलं. आता वर्गाला विचारा: एकाच्या ऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर पाणी तेवढंच चढेल की जास्त? ऑक्सिजन तर पेल्यात तेवढाच आहे. मुलांना अंदाज लिहू द्या आणि मग करा. पाणी जास्त चढतं. जुनं स्पष्टीकरण तिथेच अडखळतं. मग मुलांना पुन्हा बारकाईने पाहायला सांगा. पेला ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर येतात. ज्योत जळत असताना पाणी फारसं चढत नाही, ज्योत विझल्यावर झपाट्याने चढतं. हवा तापून प्रसरण पावली, काही बाहेर गेली, ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड झाली, आतला दाब कमी झाला आणि बाहेरच्या हवेने पाणी आत ढकललं. शिवाय ऑक्सिजन जळतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होतात, तो नुसता नाहीसा होत नाही. सातवी-आठवीची मुलं हे कोडं स्वतः सोडवतात, फक्त दोन तासिका लागतात. त्या दोन तासिका मी कुठल्याही धड्यातून काढायला तयार आहे.

साठ मुलांसाठी साहित्याचा प्रश्न येतो. पाच-पाच मुलांचे बारा गट करा. बारा प्लास्टिकच्या डब्यांत बारा संच भरून ठेवा आणि प्रत्येक डब्याच्या झाकणाला आतून यादी चिकटवा. विजेच्या संचात दोन पेन्सिल सेल, त्यांचा साचा, टॉर्चचे दोन छोटे बल्ब होल्डरसह, सहा वायरी, एक एलईडी. मुंबईत लोहार चाळीत आणि पुण्यात बुधवार पेठेत हे सगळं स्वस्तात मिळतं. शाळेच्या संयुक्त अनुदानातून किंवा माजी विद्यार्थ्यांकडून हे जमतं. रसायनांसाठी हळद, चुना, लिंबू, खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि लाल कोबी घेतले की आम्ल-आम्लारींचा अख्खा धडा होतो. हळदीच्या कागदाला साबणाचं पाणी लागलं की तो लाल होतो, आणि लिंबाने पुन्हा पिवळा. यात वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

सुरक्षेबाबत तडजोड नको. घरातल्या विजेच्या प्लगला कोणताही प्रयोग जोडायचा नाही, फक्त सेल वापरायचे. आम्ल विरल करताना नेहमी पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. ज्योतीजवळ ओढण्या आणि मोकळे केस बांधलेले हवेत, आणि वाळूची बादली खिडकीत नव्हे, हाताशी.

गटात एक गोष्ट नीट पाहा: वायरी कुणाच्या हातात आहेत आणि वही कुणाच्या? मिश्र गटात बहुतेक वेळा मुलगे हाताळतात आणि मुली लिहितात. दर प्रयोगाला कामं बदलायची, आणि ती डब्याच्या यादीवर लिहून ठेवायची.

इंटरनेट आणि टीव्ही असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सादृश्यं, म्हणजे पडद्यावर हाताळून पाहायचे आभासी प्रयोग, वापरा. ती मोफत आहेत आणि त्यांतली अनेक मराठीत आहेत. मात्र परिपथ आधी हाताने जोडायचा, मग पडद्यावर. अणू, रेणू, विद्युतप्रभार अशा डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींसाठी पडदा खरा उपयोगी. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथल्या टाकाऊतून खेळणी करण्याच्या कल्पना वर्गात थेट चालतात. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून याच कामात आहे, आणि गोवंडी-मानखुर्दच्या शाळांसाठी ते शेजारीच आहे.

सहावी पायरी: शहराचे आकडे वर्गात आणा

गावातल्या मुलाला शेत-ओढा आहे, शहरातल्या मुलाला काय, असं अनेकदा ऐकू येतं. शहरात आकडे आहेत, आणि ते रोज छापून येतात.

मुंबईला सात तलावांतून पाणी मिळतं. क्षमता दशलक्ष लिटरमध्ये अशी: भातसा ७,१७,०३७; अप्पर वैतरणा २,२७,०४७; मध्य वैतरणा १,९३,५३०; तानसा १,४५,०८०; मोडक सागर १,२८,९२५; विहार २७,६९८; तुळशी ८,०४६. एकूण १४,४७,३६३. जुलैमध्ये ‘तुळशी तलाव भरून वाहू लागला’ अशी बातमी आली, की तो अंक वर्गात आणा आणि विचारा: मुंबईला आता किती दिवस पुरेल? रोजचा पुरवठा ढोबळमानाने ४,००० दशलक्ष लिटर धरा. तुळशीचं उत्तर येतं दोन दिवस. सातही तलाव काठोकाठ भरले तर सुमारे ३६० दिवस, म्हणजे जवळजवळ एक वर्ष. पाऊस चार महिनेच असताना हा हिशोब असा का जुळवलेला आहे, हे मुलं स्वतः बोलतात.

पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. समजा तुळशी आणि विहार १०० टक्के भरले आहेत, बाकीचे पाच तलाव २० टक्के. एकूण साठा किती टक्के? जवळजवळ सगळा वर्ग सात टक्केवाऱ्यांची सरासरी काढेल आणि ४३ टक्के म्हणेल. मग खरे लिटर मोजायला लावा: साठा निघतो ३,१८,०६८ दशलक्ष लिटर, म्हणजे २२ टक्के. ४३ आणि २२ यांतला फरक पाहून वर्ग हलतो. टक्का कशाचा, हा प्रश्न त्या दिवसापासून मुलं स्वतः विचारू लागतात, आणि नववी-दहावीच्या सांख्यिकीत हीच भारित सरासरी त्यांना ओळखीची वाटते. पुण्याच्या शाळांनी खडकवासला साखळीचे आकडे घ्यावेत: वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१, खडकवासला १.९७, एकूण २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्याचे लिटर करताना एककांचं रूपांतर आणि घातांक दोन्ही होतात, उत्तर सुमारे २,८३० कोटी लिटर.

वीज बिलातही असंच. दर टप्प्याटप्प्याने वाढतात. ‘१०० युनिट ओलांडले की सगळीच युनिटं महाग पडतात’ असं घरोघरी मानलं जातं. मुलांना घरचं बिल आणायला सांगा आणि ९९, १०० आणि १०१ युनिटांचा वीज आकार काढायला लावा. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो, हे आलेखात दिसतं: रेषा तुटत नाही, फक्त तिचा चढ बदलतो. नाव-पत्ता-ग्राहक क्रमांक झाकूनच बिलं वर्गात आणायची. लोकलचं वेळापत्रकही हाताशी असतं. एम-इंडिकेटर या ॲपवरून एका धीम्या आणि एका जलद गाडीच्या वेळा घ्या, अंतर-काल आलेख एकाच कागदावर काढा, आणि जलद गाडी धीम्या गाडीला कुठे मागे टाकते ते रेषांच्या छेदावरून सांगायला लावा. एकसामयिक समीकरणांची याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

मैदानासाठी एक काम. २१ मार्चच्या आसपास सरळ उभ्या केलेल्या एक मीटर काठीची सर्वांत लहान सावली मोजा. मुंबईत ती १२ वाजता पडत नाही, पावणेएकच्या सुमारास पडते, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आहे. सावली साधारण ३४-३५ सेंटिमीटर येते. टॅन कोष्टकातून कोन काढला की १९ अंश, म्हणजे मुंबईचा अक्षांश. त्रिकोणमिती आणि भूगोल एका दुपारी.

सातवी पायरी: भाषा

मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात, आणि त्याशिवाय सेमी-इंग्रजीचे वर्ग वाढत आहेत. सेमी-इंग्रजीत मूल घरी मराठी किंवा हिंदी बोलतं आणि गणित-विज्ञान इंग्रजीत वाचतं. तिथे चर्चा मुलाच्या भाषेतच होऊ द्या. कल्पना कळली की इंग्रजी संज्ञा द्या, आणि शेवटी पाच ओळी इंग्रजीत लिहून घ्या. भिंतीवर प्रत्येक धड्याच्या दहा संज्ञा दोन्ही भाषांत, चित्रासह, मुलांनीच लावायच्या. इंग्रजीत पाठ केलेली व्याख्या बरोबर आली म्हणजे कळलं, असं धरू नका. ‘तुझ्या लहान भावाला कसं सांगशील?’ हा प्रश्न सगळं उघड करतो.

शाब्दिक उदाहरणं अडत असतील तर आधी आकडे काढून टाका. फक्त प्रसंग वाचायला द्या, काय चाललंय ते सांगायला लावा, आणि मग आकडे घाला. आकडे दिसले की मुलं वाचणं थांबवतात.

आठवी पायरी: वह्या तपासणं

इस्रायलमधल्या रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये तीन प्रकारे तपासणी करून पाहिली: फक्त गुण, फक्त शेरा, आणि दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांची प्रगती झाली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांची मात्र फक्त गुण मिळालेल्यांइतकीच गत झाली, कारण गुण दिसले की शेरा कुणी वाचत नाही. म्हणून रोजच्या वहीत गुण नकोत. साठ वह्यांवर रोज शेरा लिहिणं मात्र कुणालाच शक्य नाही. आठवड्याला पंधरा वह्या नीट तपासा, महिन्यात सगळा वर्ग होतो. शेरा प्रश्नाच्या रूपात द्या: ‘तिसऱ्या ओळीत चिन्ह का बदललं?’ आणि पुढच्या तासाला त्याचं उत्तर लिहायला पाच मिनिटं द्या. ती पाच मिनिटं दिली नाहीत तर शेरा वाया.

नववी पायरी: मुख्याध्यापकांनी करायच्या गोष्टी

सर्वांत चांगला गणित शिक्षक दहावीलाच का? निकालासाठी, हे मला कळतं. पण सहावी-सातवी चांगल्या हातात गेली तर दहावीचा निकाल तीन वर्षांनी आपोआप वर येतो, म्हणून एक तरी अनुभवी शिक्षक खाली द्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला विज्ञान-गणितासाठी शिक्षक असायला हवा, तो कागदावर नव्हे, वर्गावर हवा. वेळापत्रकात आठवड्यातून एकदा विज्ञानाच्या दोन तासिका जोडून ठेवा, त्याशिवाय प्रयोग होत नाही. दहावीच्या गणित-विज्ञानाच्या प्रत्येक भागाला लेखी ४० गुण आहेत, आणि प्रत्येक विषयाला अंतर्गत २०. ते २० गुण सरसकट वाटले जातात. तिथे खरं काम मागितलं तर वर सांगितलेलं बरंच काही त्यातच बसतं.

शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर एक तास गणित-विज्ञान शिक्षकांचा ठेवा. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ उच्च प्राथमिक शाळांत सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम २००२ पर्यंत, तीस वर्षं चालला. त्याच्या मुळाशी प्रयोग जितके होते तितक्याच शिक्षकांच्या मासिक बैठकाही होत्या. या तासात परिपत्रकं वाचायची नाहीत. एका शिक्षकाने मुलांच्या चुकांचे तीन नमुने आणायचे आणि सगळ्यांनी मिळून मुलाने काय विचार केला असेल ते शोधायचं. महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून एक पाठ आखावा, एकाने शिकवावा, बाकीच्यांनी मागे बसून मुलांकडे पाहावं, शिक्षकाकडे नाही. जपानमध्ये शिक्षक पिढ्यानपिढ्या हे करत आले आहेत.

पालकसभेत गुणपत्रिकेऐवजी मुलाची वही दाखवा. ज्यांची मुलं क्लासला जातात त्यांना सांगा, की क्लासमध्ये पुढचा धडा आधी संपवण्याची घाई नको. सूत्र आधीच पाठ असलेलं मूल अंदाज करायचं सोडून देतं.

दहावी पायरी: फेब्रुवारीत पुन्हा तेच प्रश्न

जूनचेच प्रश्न, आकडे बदलून, फेब्रुवारीत पुन्हा द्या आणि चुकीच्या प्रकारांची यादी शेजारी मांडा. ०.४ आणि ०.४५ ची चूक किती मुलांची गेली, मेणबत्तीनंतर वर्गाला हवेच्या दाबाबद्दल काय वाटतं, ‘बरोबर’च्या चिन्हाचं काय झालं. ज्या चुका गेल्या नाहीत त्या प्रत्येक मुलासाठी एका कार्डावर लिहा, चार ओळींत: काय येतं, कुठे अडतं, कोणत्या भाषेत बोलतं, कशाने खुलतं. हे कार्ड निकालपत्रकाच्या गठ्ठ्यात घालू नका. पुढच्या इयत्तेला शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हातात ते उन्हाळ्याच्या सुट्टीआधी द्या, आणि बदलीची शक्यता असेल तर एक प्रत शाळेत ठेवा, म्हणजे जूनमध्ये नव्याने येणाऱ्या बाईंना किंवा सरांना वर्ग पहिल्या दिवसापासून ओळखता येईल.